मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी : खान्देशातल्या पोरांनी काय बघून जावं?

गिरणाकाठ :

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की जळगाव, शिरपूर, धुळे, भुसावळ इथल्या कॉलेजांतून सारखा एकच प्रश्न येतो. "दादा, मोठ्या कंपनीची साडेतीन लाखांची ऑफर आहे आणि पुण्यातल्या छोट्या कंपनीची पाच लाखांची. कोणती घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो. मी भडगावकडचा, मराठी शाळेत शिकलेला. पुण्यात एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्या कंपनीत, दहा वर्षांहून जास्त काळ काम करतोय. माझं मत आधीच सांगतो : घरची परिस्थिती बेताची असेल तर पहिली नोकरी मोठ्या कंपनीत घ्या. पण तिथे काम आपोआप शिकायला मिळेल, या भरवशावर बसू नका.

आपल्याकडे मोठ्या कंपनीबद्दल एक वेगळाच विश्वास आहे आणि त्याला कारणही आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेला-तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरली. तिचे जुने शेअर सांभाळून श्रीमंत झालेल्या घरांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. शेअर धरून बसलं की वाढतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. नोकरी धरून बसलं की वाढत नाही. पाच-सहा वर्षं एकाच कंपनीत राहिलेल्याच्या शेजारी बाहेरून नवीन माणूस येऊन बसतो, काम तेच करतो आणि पगार त्याचा जास्त असतो. हे जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीत आहे, कारण आतल्यांची वाढ ठरलेल्या टक्क्यांत होते आणि बाहेरच्याला बाजारभाव द्यावा लागतो.

आता फायदे. पहिला फायदा ट्रेनिंगचा. मेकॅनिकल, सिव्हिल झालेल्या पोरांना घेऊन, पगार देऊन, काही महिने बसवून प्रोग्रामिंग शिकवायचं, हे मोठी कंपनीच करू शकते. इन्फोसिसचा म्हैसूरचा कॅम्पस तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. खेड्यातून आलेल्या पोराला परदेशी क्लायंटच्या कॉलवर बोलायची भीती असते. ती जायला वेळ लागतो, आणि मोठ्या टीममध्ये तो वेळ मिळतो. सुरुवातीला नुसतं ऐकायचं, मिनिट्स लिहायचे, मग एखादा मुद्दा मांडायचा. छोट्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात फोन हातात देतात.

दुसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्याबद्दल कॉलेजात कुणी बोलत नाही : आई-वडिलांचा विमा. बाहेर साठीच्या माणसाची पॉलिसी काढायला गेलात तर आधीपासूनच्या शुगर-बीपीसाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा जळगावच्या हॉस्पिटलात नेलं. मी पुण्यात होतो. काउंटरवर चुलतभावाने ई-कार्ड दाखवलं, त्यांनी प्री-ऑथचा, म्हणजे विमा कंपनीकडे आधी मंजुरी मागायचा फॉर्म भरून पाठवला, आणि मी पोचेपर्यंत कॅशलेसची (बिल थेट विमा कंपनीने भरायची) पहिली मंजुरी आलेली होती. अँजिओप्लास्टी झाली, घरात कुणाला शेत गहाण ठेवायची वेळ आली नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा असते. त्याहून महागडी रूम घेतलीत तर नुसतं जास्तीचं भाडं कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असे सगळे आकडे त्याच प्रमाणात कापून येतात. माणूस अ‍ॅडमिट करताना घाईत "चांगली रूम द्या" म्हणतो आणि डिस्चार्जच्या दिवशी पैशांची जुळवाजुळव करत बसतो.

होम लोन, भाड्याचं घर, लग्नाची बोलणी या सगळ्यात कंपनीचं नाव उपयोगी पडतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती नुसत्या पगाराची नाही. एक उदाहरण देतो. एका क्लायंटच्या बिलावर तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी अशी छापली जायची. त्यांच्या युरोपातल्या ग्राहकांना दिवस आधी हवा होता. बदल एका ओळीचा. पण आधी तिकीट, म्हणजे कामाची सिस्टीममध्ये नोंद, मग परिणाम कुठे कुठे होईल त्याचा तक्ता, मग टेस्टिंग टीमची तारीख, क्लायंटची मंजुरी, बदल मंजूर करणाऱ्या बोर्डाची आठवड्यातून एकदाच होणारी मीटिंग, आणि शेवटी शनिवारी मध्यरात्रीनंतरची विंडो, म्हणजे बदल चालू करायची ठरलेली वेळ. त्या विंडोत सात-आठ माणसं कॉलवर. हे सगळं होऊन ती एक ओळ चालू व्हायला तीन आठवडे गेले. या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. त्या बिलाची फाइल पुढे कितीतरी सिस्टीम वाचतात, तारीख उलटली तर कुणाचे तरी पैसे अडकतात, म्हणून ही काळजी. पण बावीस वर्षांच्या पोराने वर्षभर हेच केलं तर त्याने प्रत्यक्षात कोड किती लिहिला, याचा विचार करा. त्याला त्या क्लायंटची सिस्टीम पाठ होते, कंपनीची आतली पोर्टलं पाठ होतात, कोणत्या मॅनेजरकडून कशी मंजुरी काढायची ते कळतं. यातलं काहीही दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत विचारत नाहीत.

आणि कोणत्या टेक्नॉलॉजीवर बसायचं ते तुमच्या हातात नसतं. जावा शिकून आलेल्या पोराला मेनफ्रेमच्या (जुन्या पद्धतीचे मोठे कॉम्प्युटर) सपोर्टला, म्हणजे आधीच चालू असलेली सिस्टीम सांभाळायला टाकतात, कारण त्या महिन्यात तिथे जागा असते. प्रोजेक्ट संपला की बेंच, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत रिकामं बसणं. बेंचवर पगार चालू असतो, पण डोक्यावर टांगती तलवार असते.


पांझरा :

दादा, तुन्हं म्हननं खरं शे, पण माझा अनुभव उलट बाजूचा आहे म्हणून लिहितो. मी धुळ्याचा. सुरुवात पुण्यात खराडीतल्या चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीत केली. तिथे दोन वर्षांत मी सर्व्हर उभा करायला शिकलो, डेटाबेस बंद पडल्यावर बॅकअपवरून उभा करायला शिकलो, ग्राहकाच्या शिव्या ऐकून त्याला काय हवंय ते समजून घ्यायला शिकलो. तुम्ही सांगितलेला तारखेचा बदल आम्ही संध्याकाळी करून रात्री चालू केला असता. बिघडलं असतं तर सकाळी आम्हीच निस्तरलं असतं. निस्तरताना जे शिकायला मिळतं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही.

पण दर महिन्याला पगार येईलच याची खात्री नव्हती. दहा तारखेचा पगार पंचवीसला यायचा. एकदा दोन महिने आलाच नाही. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसायचा आणि खात्यात जमा झालेला नसायचा. त्या दिवाळीला घरी जायला ट्रॅव्हल्सच्या तिकिटाचे पैसे मित्राकडून घेतले.

तरीही माझं म्हणणं असं की बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी शिकायचा वेग महत्त्वाचा. मोठ्या कंपनीत तीन-चार वर्षं सपोर्टला बसलेल्या माणसाला छोटी कंपनी घेत नाही, हे मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो तेव्हा पाहतो. तुम्ही म्हणता "आधी मोठी, मग बघू". ते "मग" फार जणांचं येत नाही.


गिरणाकाठ :

पांझराभाऊ, ते "मग" येत नाही, हे मान्य. म्हणूनच मी म्हणतोय की पहिल्या दिवसापासून स्वतःचं काहीतरी चालू ठेवा. पण ज्याच्या घरी बहिणीचं लग्न व्हायचंय आणि सोसायटीचं कर्ज थकलंय, त्याने पगार पंचवीस तारखेला येईल की नाही याचा जुगार खेळू नये. शिकायचा वेग महत्त्वाचा आहेच, पण आधी पाय टेकायला जागा हवी. ज्याला घराकडून दोन वर्षांची मोकळीक आहे, त्याने तुमच्या वाटेने जावं. माझी त्याला ना नाही.


शहादेकर_ताई :

इथे सगळे दादाच बोलताहेत, म्हणून मुलींच्या बाजूने लिहिते. मुलीला पुण्याला पाठवायला घरचे तयार होतात ते बऱ्याचदा कंपनीच्या नावामुळेच. माझ्याबाबतीत तसंच झालं. आणि तो विश्वास अगदीच खोटा नव्हता. रात्रीच्या शिफ्टला घरापर्यंत कॅब, बरोबर गार्ड. त्रास झाला तर तक्रार समिती. कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती हवी, पण छोट्या कंपनीत समितीवर मालकाची बायको असते आणि तक्रार मालकाविरुद्धच असते, असं मैत्रिणीकडून ऐकलंय. मोठ्या कंपनीत निदान कागद पुढे सरकतो.

बाळंतपणाची सहा महिन्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यातच आहे. २६ आठवडे. मला ती पूर्ण मिळाली, कुणी तोंड वाकडं केलं नाही. अडचण परत आल्यावर सुरू झाली. माझ्या जागी दुसरी व्यक्ती बसलेली, मी बेंचवर. वर्षाच्या अप्रेझलला मॅनेजर म्हणाले, "तू अर्धं वर्ष नव्हतीस, वरचं रेटिंग कसं देऊ?" रेटिंगची टक्केवारी टीमवार ठरलेली असते. कुणाला तरी खालच्या खान्यात बसवायचंच असतं. मग जी रजेवर होती तिला बसवणं सगळ्यांत सोपं. तिथे नियमावर कुणी बोट ठेवू शकत नाही आणि नुकसान मात्र पुढची दोन-तीन वर्षं पगारात दिसत राहतं. मुलींनी रजेवर जाण्याआधी त्या वर्षात झालेल्या कामाचं मूल्यमापन ईमेलवर लेखी घ्यावं, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

कोरोनात दीड-दोन वर्षं शहाद्याहून काम केलं. लाइट जायची, मग इन्व्हर्टर घेतला. सासूबाईंनी लेकराला सांभाळलं, कानबाईच्या सणाला पहिल्यांदा पूर्ण दिवस घरी होते. नंतर ऑफिसला बोलावलं, आधी दोन दिवस, मग तीन. आमच्यासारख्यांना त्या तीन दिवसांसाठी पुण्यात अख्खं घर भाड्याने घ्यावं लागतं. छोट्या कंपन्यांतल्या दोन मैत्रिणी आजही गावाहून काम करतात. हा फरक ऑफर घेताना कुणी सांगत नाही.


केळीबाग_रावेर :

मी सॉफ्टवेअरवाला नाही, शेतकरी आहे. पोरगा शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्यासाठी हे वाचतोय. मला एवढंच सांगा, मोठी कंपनी म्हणजे नोकरी कायमची का? पोरगा म्हणतो ऑर्डरवर "पर्मनंट" लिहिलेलं असतं. एका वर्षी भाव चांगला, दुसऱ्या वर्षी काढणीचा खर्च निघत नाही, असं आमच्या केळीचं असतं. म्हणून त्याला या चक्रातून बाहेर काढायचंय. तिथेही तसंच असेल तर आधीच कळलेलं बरं.


गिरणाकाठ :

आबा, खरं सांगतो. "पर्मनंट" म्हणजे सरकारी नोकरीसारखी कायमची नव्हे. तो शब्द एवढंच सांगतो की तुम्ही ठेकेदाराचे माणूस नाही आणि तुमच्या कराराला शेवटची तारीख लिहिलेली नाही. २०२५ च्या जुलैत टीसीएससारख्या सहा लाख माणसांच्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या पायरीवरची माणसं जास्त असतील, असंही सांगितलं. म्हणजे तुमच्या पोरापेक्षा माझ्या वयाच्या माणसाला धोका जास्त. कारण हिशेबाचं आहे. बारा-पंधरा वर्षांच्या माणसाचा पगार मोठा झालेला असतो, त्याचा हात कोडवरून सुटलेला असतो, आणि क्लायंट त्याच्या नावाचे तेवढे पैसे द्यायला तयार नसतो.

तरी फरक आहे. कंपनीने काढलं तरी नोटिशीचा पगार मिळतो. पीएफ स्वतःच्या नावावर असतो. मूळ पगाराच्या बारा टक्के आपले आणि तेवढेच कंपनीचे. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा मूळ पगार. हातात काहीच न येता रस्त्यावर यायची वेळ सहसा येत नाही. पण विमा शेवटच्या दिवशी बंद होतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कंपनीचा विमा असला तरी आई-वडिलांची एक छोटी पॉलिसी बाहेरही चालू ठेवा. थांबायची ती दोन-तीन वर्षं नोकरी असतानाच उलटून जातात.


चोपडा_ते_बंगळूर :

गिरणाकाठदादांनी सर्व्हिस कंपनीचं लिहिलं. मी बंगळूरला एका परदेशी प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती मोठीच, पण जात वेगळी. तिथलं थोडं सांगतो, कारण आपल्याकडची पोरं दोन्हीला "मोठी कंपनी" म्हणून एकाच टोपलीत टाकतात.

आमच्याकडे कोड लिहिण्याआधी दोन-चार पानांचं डिझाइन लिहावं लागतं आणि त्यावर सीनियर लोक प्रश्न विचारतात. नंतर प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून पास केल्याशिवाय आत जात नाही. सुरुवातीला माझ्या चाळीस ओळींवर वीस-पंचवीस शेरे यायचे. व्हेरिएबलच्या नावापासून ते "हजाराऐवजी एक कोटी रेकॉर्ड आले तर ही लूप किती वेळ घेईल?" इथपर्यंत. त्या शेऱ्यांनी मला जे शिकवलं ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो. ज्याला हे काम मनापासून आवडतं त्याच्यासाठी हा मोठ्या कंपनीचा सगळ्यांत खरा फायदा. मराठी माध्यमातून आलोय म्हणून तिकडे अर्जच न करणारी पोरं मला दर वर्षी भेटतात, त्याचं फार वाईट वाटतं. त्या इंटरव्ह्यूत इंग्रजीचा डौल कुणी बघत नाही. अल्गोरिदमचा प्रश्न सुटतो की नाही आणि विचार कसा केला ते समजावता येतं की नाही, एवढंच बघतात.

तोटे : काम फार बारीक तुकड्यात वाटलेलं. माझी टीम एका पानावरच्या एका खान्यामागचा हिशेब सांभाळते. ऑन-कॉलच्या आठवड्यात, म्हणजे काही बिघडलं तर केव्हाही धावायची पाळी असते तेव्हा, लॅपटॉप उशाशी. आखाजीला घरी आलो होतो, सगळे पुरणपोळीला बसलेले आणि मला पेज, म्हणजे बिघाडाचा तातडीचा निरोप आला. ताट झाकून ठेवायला सांगून तास-दीड तास ओसरीवर बसलो, कारण घरात रेंज नव्हती. पॅकेजमध्ये दाखवतात त्यातला मोठा भाग शेअरचा असतो आणि तो साधारण चार वर्षांत थोडा थोडा हातात येतो. आधी सोडलं तर उरलेला गेला. शेअर नावावर आला की त्यावर पगारासारखा टॅक्स लागतो, विकला नसला तरी. हे माहीत नसल्याने मोठा आकडा ऐकून लोक फ्लॅट बुक करतात.

रेटिंगबद्दल ताईंनी लिहिलं ते आमच्याकडेही वेगवेगळ्या नावांनी आहे. मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या टक्केवारीत माणसं वर-खाली बसवायची ती सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली, पण सगळीकडून ती गेली असं म्हणता येणार नाही.


जळगाव_गोलाणी :

मी जळगावातच छोटं सॉफ्टवेअर ऑफिस चालवतो. दवाखाने, सहकारी पतसंस्था, जिनिंग यांची कामं. सगळे पुणे-बंगळूरचं लिहिताहेत म्हणून इथली बाजू मांडतो. माझ्याकडे येणारी पोरं हुशार असतात. वर्षभरात तयार होतात, स्वतः पतसंस्थेत जाऊन कॅशियरशेजारी बसून व्याजाचा हिशेब समजून घेतात, आणि मग मोठ्या कंपनीचा कॉल आला की जातात. मी अडवत नाही. मी तेवढा पगार देऊ शकत नाही, विमा देऊ शकत नाही, आणि मुलीकडच्यांना माझ्या कंपनीचं नाव सांगून काही उपयोग नसतो.

पण जाताना प्रत्येकाला सांगतो की इथे तू दवाखान्याच्या बिलाचं अख्खं सॉफ्टवेअर एकट्याने बांधलंस, ते रेझ्युमेवर नीट लिही. माझ्याकडून गेलेल्यांपैकी ज्यांनी तसं सविस्तर लिहिलं त्यांना तिकडे डेव्हलपमेंट मिळालं. ज्यांनी नुसती लँग्वेजची नावं लिहिली ते सपोर्टला बसले.


तृतीय_वर्ष_शिरपूर :

सगळ्यांचे आभार. माझी परिस्थिती सांगतो. आमच्या सीनियरना मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर मिळालंय, पण जॉइनिंगची तारीख येत नाही. ते घरी बसून आहेत. दुसरीकडे प्रयत्न केला तर पहिली ऑफर जाईल अशी भीती वाटते. पुढच्या वर्षी आमच्यावर हीच वेळ आली तर काय करायचं? आणि बाँड असतो म्हणतात, तो किती खरा?


पांझरा :

थांबू नका. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, जॉइन होईपर्यंत पगार सुरू होत नाही. मधल्या काळात दुसरीकडे कामाला लागा, छोटी कंपनी असली तरी चालेल. त्यांना मात्र खरं सांगा की हातात अशी एक ऑफर आहे. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा हे उघड सांगणाऱ्या पोराला नाकारत नाही. सहा महिने रिकामा बसलेला दिसला की प्रश्न विचारावे लागतात.


गिरणाकाठ :

पांझराभाऊंच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. बाँडबद्दल : काही कंपन्या सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटवर सही घेतात, ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च म्हणून अमुक रक्कम भरा. रक्कम किती, मुदत कधीपासून मोजतात, ट्रेनिंगच्या दिवसापासून की ट्रेनिंग संपल्यापासून, हे तिथे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

ऑफर लेटरमध्ये आणखी तीन गोष्टी बघायच्या. एकूण पॅकेजमधला व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा भाग किती, कारण तो कंपनीच्या निकालावर आणि रेटिंगवर असतो आणि पूर्ण मिळेलच असं नाही. पॅकेजमध्येच कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता धरलाय का. साडेतीन लाखांचे महिन्याला एकोणतीस हजार होतात असा हिशेब घरी सांगू नका, हातात येताना पंचवीसच्या आतच येतात. आणि नोटीस पीरियड. मोठ्या कंपन्यांत तो बऱ्याचदा नव्वद दिवसांचा असतो. पुढची चांगली संधी तीन महिने थांबायला तयार नसते, म्हणून लोक अडकून पडतात.

शिरपूरच्या भावा, तुझ्या सीनियरपैकी कुणाला ते अ‍ॅग्रीमेंट समजत नसेल तर मला मेसेजमध्ये पाठवायला सांग. नाव आणि पगाराचा आकडा झाकून पाठवलं तरी चालेल. शनिवार-रविवारी वाचून कलमवार उत्तर देतो.